आबाजी आणि हौदातला बेडूक

वऱ्हाडात सलामँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा बेडकाचा भाऊबंद, नाही, याचं दुःख साऱ्या वऱ्हाडात एकाच माणसाला होतं, आणि तो माणूस म्हणजे माझ्या आईचे मामा. आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो. अमरावतीबाहेर, बडनेऱ्याच्या वाटेवर त्यांचा वांग्या-मेथीचा मळा होता. बदली होऊन गेलेल्या एका जंगलसाहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी दोन फावडी घेतली, त्यांवर एक जाड इंग्रजी पुस्तक फुकट आलं. जगभरचे बेडूक, सरडे, साप, कासवं, सगळी रंगीत चित्रांसकट. आबाजींना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. मी मिशनच्या शाळेत शिकत होते आणि चारचौघांत तोंड उघडत नसे. त्यामुळे दर रविवारी विहिरीजवळच्या हौदाच्या काठावर बसून वाचायचं आणि मराठीत सांगायचं ते मी, आणि त्यावर बोलायचं ते त्यांनी, अशी वाटणी आपोआप झाली.

त्यांच्या लेखी ही सगळी जनावरं म्हणजे दूरच्या गावी राहणारे सोयरे होते. झाडावरून झाडावर तरंगत जाणारा बेडूक, पिल्लं पाठीवर वाढवणारी बेडकी, सगळ्यांची ते आस्थेनं चौकशी करत. न्यूझीलंडच्या एका सरड्यासारख्या प्राण्याच्या डोक्यावर तिसरा डोळा असतो हे ऐकलं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांनी कुंपणावरचा सरडा धरून त्याचं डोकं तपासलं. मळ्यातली धामण सरीतून निघाली की ती पार होईपर्यंत ते पाणी अडवून धरत. गुहेत राहणाऱ्या, पांढऱ्या, आंधळ्या सलामँडरबद्दल मी वाचलं, की तो खाल्ल्याशिवाय वर्षभरही काढतो. आबाजी विचारात पडले. म्हणाले, “मले वाटलं तहसिलीतला कारकून हाय. पन खात नाही म्हंतेस, मंग नसन.”

त्या वर्षी आषाढ कोरडा गेला. शेजारच्या वस्तीतल्या बाया एका सकाळी मुसळ घेऊन मळ्यात आल्या. त्यांना धोंडी काढायची होती. मुसळाला बेडूक उलटा बांधायचा, लिंबाचा पाला लावायचा, दारोदार फिरवायचं आणि घराघरातून त्यावर पाणी ओतायचं, म्हणजे पाऊस येतो. पण डबकी आटलेली, बेडूक उरला होता तो आबाजींच्या हौदात. चांगला ओंजळभर मोठा.

“द्या आबाजी,” सगळ्यांत पुढे असलेली सारजाबाई म्हणाली. मेथी-पालक विकून ती घर चालवायची. “माह्या वाफ्यात आता जीव नाही राहिला.”

“अन् ह्याचा जीव? त्याच्या जागी मले घ्या.”

“तुमाले मुसळाले कसं बांधाव?”

“बांधू नोको. मी पायी चालतो.”

बाया हसल्या, मग कुजबुजल्या, मग तयार झाल्या. सत्तरीचे आबाजी अंगभर लिंबाचा पाला बांधून उन्हात घरोघर उभे राहिले. एवढ्या वडीलधाऱ्या माणसावर पाणी ओतायला कुणाचा हात धजेना, “वत ना बाई, मी का साखरेचा हाय?” असं त्यांनाच म्हणावं लागे. आमच्या दारी मी तांब्या रिकामा केला तो त्यांच्याकडे न पाहता. रात्रीपर्यंत त्यांना खोकला धरला.

चार दिवसांनी पाऊस पडला. दर्यापूरला. आमच्याकडे धूळसुद्धा बसली नाही. वस्तीत जो तो म्हणू लागला, बेडूक बांधला असता तर इथंच पडला असता. सारजाबाईचे वाफे वाळले, आणि ती लेकरं घेऊन अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला निघून गेली. जाताना ती त्यांना भेटली नाही.

त्या रविवारी मी वाचायला गेले तर आबाजींनी पुस्तकावर हात ठेवला.

“पोरी, ह्याच्यात लिवलं हाय का, बेडूक टांगला तं पाऊस येते म्हून?”

“नाही आबाजी.”

“अन् येत नाही, असं?”

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “तेही नाही.”

“हं,” म्हणून ते सारजाबाईच्या मोकळ्या झोपडीकडे पाहत राहिले. मी पुढचं पान वाचलं, पण ते ऐकत नव्हते.

अजून वाटतं, त्या दिवशी मी “येत नाही, असं लिहिलंय” म्हणायला हवं होतं. पुस्तक माझ्या मांडीवर होतं, आणि कुठे लिहिलंय हे त्यांनी कधी विचारलं नसतं.