शेवटच्या यादीतलं नाव

सदाए उनोला कार्टूनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. आमच्या उओझू गावातल्या कारखान्यात बावीस वर्षं आम्ही दोघी एकाच पट्ट्यावर उभ्या राहिलो. माशाच्या लगद्याच्या वड्या वाफेवरून उतरून समोरून सरकत जातात, त्यातली चिरलेली, वाकडी, रंग उतरलेली वडी उचलून बाजूला टाकायची, एवढंच काम. त्यात सदाएचा हात कुणी धरू शकत नसे. मी दोन वाकड्या वड्या पकडेपर्यंत तिच्या पाच झालेल्या असायच्या, वर मला चिमटा काढायची, "नोबुए, जागी आहेस ना?"

अशी ही बाई साठी उलटल्यावर दर रविवारी संध्याकाळी पाचला टीव्हीपुढे वही घेऊन बसायला लागली, त्याला कारण तिचा एकुलता एक मुलगा केइगो. तो तोक्योत एका स्टुडिओत मधली चित्रं काढायचा. म्हणजे असं, की हात खाली असलेलं चित्र मोठे चित्रकार काढतात, हात वर गेलेलंही तेच काढतात, आणि त्या दोन्हींच्या मधला उचलला जाणारा हात केइगोसारख्या पोरांनी काढायचा. भाग संपला की गाण्याबरोबर नावांची यादी वर सरकते, त्यात तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत त्याचं नाव यायचं. ते दिसलं की सदाए टीव्हीला मान लववायची. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

त्या वर्षी जानेवारीत एक नवी मालिका लागली. डोंगरापलीकडे मीठ विकायला निघालेली एक मुलगी आणि तिची पोती वाहणारा एक शिंगवाला राक्षस. सदाए त्याला नावाने कधी ओळखत नसे, 'तो शिंगवाला' म्हणायची. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आत तिचं सुरू व्हायचं. मुलगी गोड आहे पण फार बोलते. शिंगवाला मुलीपेक्षा जास्त समजूतदार आहे. बर्फात चालताना माणूस असा पाय उचलत नाही, हे काढणारा कधी हिमात राहिलेला नाही. पण चौथ्या भागात ती भाताचा गोळा फोडते तेव्हा आत वाफ दिसते, ती वाफ नक्की केइगोची, कारण लहानपणी तो गोळा असाच मधोमध फोडून आत बघत बसायचा. पट्ट्यावरच्या बायका गालात हसायच्या. मीही हसायचे.

हे सगळं ती पोस्टकार्डावर लिहून स्टुडिओच्या पत्त्यावर पाठवायची. घरी तो सापडायचाच नाही, झोपायला जात असेल तर तेवढंच. पण पोस्टकार्ड उघडं असतं, चार जण वाचतात. आईने कामाच्या ठिकाणी पत्रं धाडली तर पोराची टिंगल होईल म्हणून ती खाली सही करायची 'उओझूची एक प्रेक्षक'. आत 'जेवलास का', 'गरम कपडे घाल' असलं एक अक्षर नाही. राक्षस रडला ते आवडलं, घोड्याचे मागचे पाय चुकलेत, इतकंच. मला तो प्रकार हास्यास्पद वाटायचा आणि मी तसं म्हणायचेही. त्यावर ती म्हणायची, "ज्याला कळायचं त्याला कळतं."

फोन ती करत नसे. काम अंगावर आलेलं असताना फोन वाजला की रेघ चुकते, असं त्याने कधीतरी तिला सांगितलं होतं, तेवढ्यावर या बाईने फोन बंद केला. वसंत सरत आला तेव्हा तिलाच राहवेना. दोन-तीनदा माझ्यापाशी म्हणाली, की बऱ्याच दिवसांत त्याचा आवाज नाही, करावा का एकदा फोन. आणि मी शहाणी, माझी मुलगी दर आठवड्याला फोनवर रडगाणं गाते म्हणून वैतागलेली. मी तिला म्हटलं, "अगं, दर रविवारी नाव येतंय म्हणजे हात चालतोय. हात चालतोय म्हणजे पोरगा धड आहे. आणखी काय हवंय तुला?" तिला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा तिला ते हवंच होतं, आणि मी ते तिच्या हातात ठेवलं. या एका वाक्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

जूनच्या शेवटच्या रविवारी मालिका संपली. मुलगी आणि शिंगवाला समुद्राशी पोचले, यादी सरकली, नाव आलं. जुलैत नव्या मालिका लागल्या आणि त्यात ते कुठेच नव्हतं.

सदाएने सगळ्या मालिकांची छापील यादी विकत आणली आणि एकूण चौदा मालिका टीव्हीवर रेकॉर्डिंगला लावल्या. सोमवारी आता ती सगळ्यांचं एका दमात सांगायची. शाळेतल्या मुलींच्या बँडची, त्या सगळ्यांना नाक एकच. बेसबॉलची, त्यात एक चेंडू टाकायला अख्खा भाग लागतो. यंत्रमानवांची, ती सदाएच्या डोक्यावरून जायची, पण तिची यादी सगळ्यांत लांब म्हणून शेवटपर्यंत बसायची. पुढे पुढे ती मालिकांविषयी काही बोलेना. नुसत्या याद्याच बघायला लागली होती, चित्र थांबवून, काचेवर बोट ठेवून एकेक ओळ. पट्ट्यावर तिच्या हातून वाकड्या वड्या निसटायला लागल्या. मुकादम मला बाजूला घेऊन विचारायला लागला, तेव्हा मीच तिला म्हटलं, की कर आता फोन. तिने माझ्यासमोर केला. हा क्रमांक सध्या वापरात नाही, असं यंत्र म्हणालं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून आम्ही तोक्योला गेलो. तिने कारखान्यातल्या वड्यांची मोठी पेटी बांधून घेतली होती, स्टुडिओतल्या लोकांना द्यायला. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणत होती.

स्टुडिओ म्हणजे एका औषधाच्या दुकानावरचे दोन मजले. कामांची वाटणी बघणारी एक बाई बाहेर आली, तिशीची, डोळ्यांखाली काळं. सदाए कमरेत वाकली आणि आपण केइगो उनोची आई, असं सांगितलं. ती बाई गोंधळली. म्हणाली, "उनो-सान तर फेब्रुवारीतच गेले. अकरा तारखेपासून आलेच नाहीत. आम्ही फोन केले. पण इथे असं बरेच जण करतात हो, एक दिवस येत नाहीत."

सदाए शांतपणे म्हणाली, की काहीतरी चूक होतेय, जूनपर्यंत नाव येत होतं. मग त्या बाईने समजावून सांगितलं. चित्रं दोन-तीन महिने आधी तयार होतात, त्यामुळे एप्रिलपर्यंत जे दाखवलं त्यात त्यांचा हात होता. त्यानंतर नव्हता. नावांची यादी मागच्या भागावरून उतरवून घेतात, घाईत कुणी ते नाव काढलं नाही. तिने त्याबद्दल माफी मागितली, अगदी खाली वाकून. एक नाव चुकून जास्त राहिल्याबद्दल.

मग चौथ्या भागातली भाताची वाफ तरी त्याची का, असं सदाएने विचारलं. ती बाई म्हणाली, सांगता येणार नाही. मधल्या चित्रांत कुणाचा हात ओळखू येता कामा नये, तेच तर काम असतं.

आत भिंतीवर पोस्टकार्डं ओळीने टाचलेली होती, सगळी सदाएची. त्या बाईने आमची नजर पाहिली आणि जरा हसून म्हणाली, "त्यांची एक चाहती आहे, उओझूची. मधली चित्रं काढणाऱ्याला कधी पत्र येत नाही हो, आम्ही त्यांना किती चिडवायचो. ते गेल्यावरही येत राहिली. गमतीची लिहिते, म्हणून लावून ठेवली." केइगोने ती पत्रं कुणाची, हे तिथे कुणाला सांगितलेलं नव्हतं. सदाएनेही सांगितलं नाही. वड्यांची पेटी पुढे केली आणि नेहमीसारखं म्हणाली, की फार काही नाही, गोड मानून घ्या.

तिथून केइगोच्या राहत्या जागी गेलो. मालक म्हणाला, खोली फेब्रुवारीच्या शेवटी सोडली, सामान भंगारात दिलं, पुढचा पत्ता ठेवला नाही. परतीच्या गाडीत मी काहीबाही बोलत राहिले. पोरगा तरुण आहे, कंटाळला असेल, कुठेतरी काम करत असेल. सदाए ऐकत होती की नाही कोण जाणे. घाट लागला तेव्हा तिने एवढंच विचारलं, की ओळखू न येणारी रेघ काढायला कितीशी वर्षं लागत असतील.

सकाळी आम्ही उओझूच्या पोलिसांकडे हरवल्याची नोंद करायला गेलो. फॉर्म भरून घेणारा शिपाई मायाळू होता, हळू बोलत होता. उंची, वजन, अंगावरच्या खुणा, सगळं तिने न अडखळता सांगितलं. मग त्याने शेवटचा संपर्क कधी, असं विचारलं.

"जूनचा शेवटचा रविवार," सदाए म्हणाली.

फोनवर का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, टीव्हीवर. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. त्याने पेन ठेवलं आणि पुन्हा, आणखी हळू विचारलं, की त्याचा आवाज शेवटचा कधी ऐकला.

मग तिने जे सांगितलं, ते मलाही कधी बोलली नव्हती.

"जानेवारीचा दुसरा रविवार," ती म्हणाली. "पाचला दोन मिनिटं कमी होती. त्यानेच केला होता. म्हणाला, आई, तुला थोडा वेळ आहे का? मी म्हटलं, अरे, आता तुझी मालिका लागतेय, नंतर कर."

शिपायाने लिहून घेतलं. "मग नंतर केला का त्यांनी?"

"नाही. पण मी वाटही बघितली नाही," सदाए म्हणाली. "नाव आलं होतं ना."