चिपांवरची हळद

दादा जहाजावरच्या कॅसिनोत पत्ते वाटायचा. जुगारात पैशांऐवजी मांडतात त्या जुन्या, मातीच्या चिपा जमवायचा त्याला भारी नाद. सुट्टीवर आला की चिपांचा डबा माझ्या हवाली करून जायचा, कारण त्या साफ कराव्यात तर मीच. कोरडा मऊ ब्रश, फार तर खोडरबर. पाणी नाही, साबण नाही, स्पिरिट तर मुळीच नाही. सोनेरी अक्षरं उडतात.

आई त्या डब्याकडे बघतही नसे. "जुगाराचं काम," असं ती एकदाच म्हणाली होती. तेव्हापासून दादा तिच्याशी सगळं बोलायचा, कामाचं सोडून.

मागच्या खंडेनवमीला गांधीबागेतलं दुकान बंद करून घरी आलो. देवापुढे विळी, कात्री, माझी कापड मोजायची जुनी पट्टी आणि मधोमध दादाच्या चिपा! चौदाच्या चौदांवर ओल्या हळदीकुंकवाची बोटं.

"काय करून ठेवलं वं आई हे!" मी केवढ्यांदा ओरडलो.

"सगळ्याइच्या कामाची पूजा केली. त्याच्याच कामाची काहून नाही करायची?"

मी ऐकून घेतलंच कुठे! दादाला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. घाईघाईत एकीवर साबणाचं बोट फिरवलं, तर हळद लालभडक झाली. खोडरबरानं कुंकू निघालं, पण हळद मातीत मुरलेली. रागाच्या भरात आईला नाही नाही ते बोललो. तिनं ओट्याशी जाऊन हात धुतले. मग म्हणाली, "उन्हात ठेव. हळद उडते."

मग रोज सकाळी गच्चीवर मांडायच्या आणि ऊन तापायच्या आत उचलायच्या, नाही तर मातीतली लाख मऊ होऊन वाकतील. पंधरा दिवस हाच धंदा. लाल झालेलीही स्वच्छ झाली. भिंगातून बघून कडेच्या खाचेतला शेवटचा पिवळा कण मी काडीनं उकरून काढला. सुटलो बुवा, म्हटलं.

त्यानंतर महिनाभरात आई गेली, झोपेतच. दादा पोचेस्तोवर सगळं आटोपलं होतं.

तेरवी झाल्यावर तो डबा घेऊन बसला. "आईनं शेवटपर्यंत माह्या कामाचं नाव नाही घेतलं गा."

मी सगळं सांगितलं. ओरडलो तेही. त्यानं एकेक चिप खिडकीशी नेली, दोन्ही बाजूंनी पाहिली, कडा पाहिल्या. मी मनात घोकत होतो, देवा, एखादा ठिपका राहिलेला असू दे रे! कुठला राहतो? माझं काम चोख.

"माही समजूत काढून राहिला तू," तो म्हणाला.

"आईची शपथ, दादा!"

"जाऊ दे गा."

अजूनही फोनवर मी त्याला हेच सांगतो. तो हो हो म्हणतो आणि जेवलास का विचारतो.