गुऱ्हाळावरचं नाव

उकळत्या गुळाचा वास आला की मी अजून वाट बदलते. शाळेत न जाणाऱ्या मुलांची यादी करायला मी दौंडजवळच्या एका गुऱ्हाळावर गेले होते. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी भट्टीत पाचट कोंबत होती. मी तिला नाव विचारलं मात्र, तिच्या बापानं तिला झिंज्या धरून आपटलं आणि उसाच्या टिपरानं झोडपायला लागला. “बाईला तूच बोलावलं व्हय गं?” मी मधे पडले, तसं तो ते टिपरू माझ्यावर उगारून म्हणाला, “परत आलात तर हिचं तंगडंच मोडतो.” मी निघाले. फुटलेला ओठ पुसत ती माझ्यामागं पळत आली. नाव सांगून म्हणाली, “लिवा बाई.” “लिहिलं,” मी म्हणाले. घरी येऊन यादीच्या कागदावर लिहिलं, ‘एकही मूल आढळले नाही.’ तिचं नाव मला अजून पाठ आहे. लिहिलेलं मात्र कुठंच नाही.