पंतांसाठी जागा

माणसांना अरेतुरे आणि कुत्र्याला अहोजाहो करणारा माणूस उभ्या पुण्यात मी एकच पाहिला, तो म्हणजे कोथरूडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे काका. त्यांच्या कुत्र्याचं नाव पंत. रस्त्यावरून उचलून आणलेलं, एक कान कायम पडलेला, पण काका त्याला "पंत, आपण जेवून घ्या, पोळी गार होते आहे" असं म्हणत आणि मी दारात दिसलो की "तुला काय हवंय?" एवढंच. ऐकून ऐकून सगळी बिल्डिंग पंतांना मान देऊ लागली होती. काकू गेल्यापासून त्या घरात तेवढंच बोलणं उरलं होतं, त्यामुळे कोणी हसत नसे.

गेल्या हिवाळ्यात काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. नंतर काही महिने नागपूरला मुलीकडे राहायचं होतं, आणि तिच्या सासऱ्यांना दमा, म्हणजे पंत तिथे चालणार नव्हते. काकांनी सर्जन एका भेटीत पसंत केला, पण डॉग बोर्डिंगसाठी मला गाडी काढायला लावून गावभर हिंडवलं. एका ठिकाणी एसी होता, टीव्हीही होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, आम्ही पेट्सना अगदी फॅमिलीसारखं ठेवतो."

"फॅमिलीसारखं नको," काका म्हणाले, "चांगलं ठेवा."

दुसरीकडे ते स्वतः पिंजऱ्यात शिरले, दार लावून घ्यायला सांगितलं आणि आत मांडी घालून बसून राहिले. मालक घाबरून माझ्याकडे बघत होता. बाहेर आल्यावर गुडघे झटकत म्हणाले, "इथून फाटक दिसत नाही. वाट कशी बघायची माणसानं?"

शेवटी हडपसरच्या पुढे, मांजरी गावात, उसाच्या कडेला, एका बाईंचं घर सापडलं. अंगणात कुत्री मोकळी हिंडत होती. काकांनी विचारलं, "हे रडले तर काय करता?"

"रडू द्यायचं की," बाई म्हणाल्या. "घरची आठवण येती, तर रडणारच. आपण जवळ बसायचं."

काकांनी तिथेच जागा पक्की केली. पंतांना तिथे सोडताना मात्र खाली बसून म्हणाले, "घ्यायला यायचं मनात आहे. पण ते आता माझ्या हातात नाही, तेव्हा शब्द देत नाही."

ऑपरेशन नीट झालं. उन्हाळा सरताना काका मुलीबरोबर आले, ते घर आवरायला. त्यांना आता एकट्यानं राहणं जमणार नाही, हे चालण्यावरूनच दिसत होतं. आम्ही तिघं मांजरीला गेलो. पंतांनी लगेच ओळखलं. धावत आले, कुंईकुंई करत काकांच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिले. मग रस्त्यानं कोणी गेलं, तशी सगळी कुत्री भुंकत कुंपणाकडे धावली आणि त्यांच्याबरोबर पंतही. परतले ते बाईंच्या पायाशी जाऊन बसले.

काका बराच वेळ बघत होते. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, नेऊ या त्याला. बघू काहीतरी."

"कुठे? तुझ्या चौथ्या मजल्यावर, दाराआड?" काका म्हणाले. "जागा मीच निवडली आहे. चांगली आहे."

परतताना गाडीत काका मुलीशेजारी बसले होते. काकांच्या काळ्या पँटवर पंतांचे पांढरे केस चिकटले होते. हडपसरला सिग्नलला थांबलो, तेव्हा मुलगी सवयीनं ते झटकायला वाकली. काकांनी तिचा हात धरला.

"राहू दे," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.