एका गोधडीतले दोघे

खात्यात, म्हणजे आमच्या कापडाच्या कारखान्यात, लूमच्या, यंत्रमागांच्या खडखडाटात कोणाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून मुकादमानं आधी माझा लूम बंद केला आणि मग कानाशी येऊन सांगितलं, "तुझा सुपडूदादा गेला. झोपेतच." त्याला आता तीन आठवडे झाले. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मी दचकलो. दादा आणि झोप हे दोन शब्द एकत्र ऐकले की मला अजून भीती वाटते.

दादा माझा मावसभाऊ. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास त्यानंच मला धुळ्याकडून सुरतेला आणलं. तिथे नवागामच्या खोलीत आम्हा दोघांत गोधडी एकच. तो दिवसपाळीला, मी रातपाळीला. तो उठला की मी आडवा. तिथल्या सगळ्याच खोल्यांत हा शिरस्ता. मग असं व्हायला लागलं की सकाळी मी यावं, तर गोधडीची मी संध्याकाळी घातलेली घडी तशीच आणि दादा उंबऱ्यात बसलेला. "झोपना नही का?" म्हटलं, तर म्हणायचा, "ऐकी ऱ्हायनू." काय ऐकतोस, हे मी विचारलं नाही. मला गार अंथरूण मिळत होतं, मी कशाला विचारतोय! खात्यात तो कोणाशी तरी सारखा बोलायचा, पण तिथे सगळ्यांचेच ओठ हलतात. वेगळं कळणार कसं?

एक दिवस त्यानं चालू लूमचा ताणा, सगळे उभे धागे, कातरीनं सपासप कापला. धाग्यांतून माणसं आपलं नाव घेतात, म्हणाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, त्या रोज द्यायचं काम माझ्याकडे. आणि दादा झोपला... असा झोपला की दिवसपाळी नाही, रातपाळी नाही. मी सकाळी यायचो तेव्हा गोधडीवर तो. आठ दिवस मी भिंतीला टेकून डुलक्या काढल्या. लूमवर डोळा लागला, बोट थोडक्यात वाचलं. तेव्हा मी माझ्या अकलेनं हिशेब मांडला. झोप येत नव्हती हा आजार, झोप आली, म्हणजे आजार गेला. गोळ्या मी पिठाच्या डब्यामागे ठेवून दिल्या.

दादा लवकर उठायला लागला. गोधडी मोकळी झाली. मी खूश.

पंधरा-वीस दिवसांनी भर दुपारी मला जाग आली. दाराला आतून कडी. पाळी टाकून आलेला दादा माझ्या उशाशी उकिडवा, हातात कातरी, पापणी हलत नव्हती.

"झोप भाऊ," तो हळूच म्हणाला. "मी जागा शे."

"बाहेर कोन शे दादा?"

"त्या उभा शेतस. तुले लेवाले येल शेतस."

बाहेर मला न्यायला माणसं उभी आहेत म्हणे! मी डोळे मिटून घेतले आणि पाळीची वेळ होईपर्यंत झोपेचं सोंग केलं. घामानं गोधडी भिजली. तो माझी राखण करत होता हे मला पुढे कळलं. त्या दुपारी मला फक्त कातरी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळ्या कोणी बंद केल्या? दादा शेजारीच बसलेला. मी म्हणालो, "यानंच सोडल्या, बाई." दादानं माझ्याकडे पाहिलं... आणि 'हो' म्हणून मान हलवली. बाई रागावल्या त्याच्यावर. मग समजावलं, की झोप उडणं ही आजाराची चाहूल होती, आजार तो भास आणि संशयाचा. झोप परत आली म्हणून तो गेला असं नसतं, गोळ्या चालूच ठेवायच्या. मी खाली मान घालून ऐकलं.

पुढे दादा सावरला. वहिनी गावाहून आली, सुरतेतच कोसाडला बिऱ्हाड झालं. रविवारी गेलो की तो माझ्यासमोर गोळी गिळायचा आणि चोरी करताना सापडलेल्या पोरासारखा हसायचा. बाईंसमोर खोटं का बोललास, हे कधीतरी तो विचारेल, या धास्तीत माझी वर्षं गेली. त्यानं विचारलं नाही.

दहावं झाल्यावर राहवलं नाही, वहिनीला सगळं सांगून टाकलं. तिला नवल वाटलं नाही. "त्यास्ले ठाऊक व्हतं," दादाबद्दल एवढंच म्हणाली. मग पलंगाकडे बोट दाखवलं. वहिनी पोरांना घेऊन खाली झोपते, पलंगावर तो एकटाच असायचा. गादीची भिंतीकडची कड पार दबलेली, बाकीची नव्यासारखी. "मी म्हने, मझार, मधे सरका. तर म्हनेत, भाऊ पाळीवरतून येई, त्याले जागा लागी."

मी रातपाळी करूनच गेलो होतो, डोळे मिटत होते. वहिनी म्हणाली, पड जरासा. माझी त्या गादीवर टेकायची हिंमत झाली नाही.