भलत्याच घरातलं हसू

निघायच्या दिवशी कुलूप मी दुसऱ्या कुणाला लावू दिलं नाही. कोरेगावचं ते घर माझ्या हातचं, पाया खणण्यापासून. जन्मभर गवंडीकाम केलं. शाळा चौथीपलीकडं पाहिली नाही, पण माझी एक भिंत ओळंब्याला चुकलेली कुणी दाखवावी. किल्ली शेजारच्या शालनवहिनींकडं दिली. मुलगा संदीप गाडीत बसून घड्याळ बघत होता. वहिनी म्हणाल्या, "भावजी, उन्हाळ्याला येताय न्हवं?" मी हो म्हणालो. बायको गेल्यापासून रिकाम्या घरात मला भ्या वाटायला लागलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाकडं चाललोय म्हणजे ते भ्या कुलपाआड राहील असा माझा हिशेब.

तो चुकला. तुम्हा गावाकडं मागं राहिलेल्यांना वाटतं, म्हातारा अमेरिकेत मजेत आहे. पोरांमागं इकडं आलेल्यांना खरं काय ते ठाऊक आहे. बॉथेलला, संदीपच्या गावी, सकाळी तो आणि सूनबाई मनीषा गाड्या घेऊन ऑफिसला गेले की घर माझ्या अंगावर येतं. घर सगळं लाकडाचं. ऊन तापलं की आतले वासे कडकडतात, भिंतीतून माणूस चालल्यासारखं वाटतं. तिकडं ओरडलो तर चार घरं धावून येतील. इकडं ओरडावं कुठल्या भाषेत?

मनीषानं त्यावर उपाय काढला. टीव्हीवर एक जुनी इंग्रजी सिरीयल लावून दिली, विलायतेतली, विनोदी. म्हणाली, बाबा, ऐकून ऐकून इंग्रजी येईल. इंग्रजी आलं नाही, पण गोष्ट पहिल्याच दिवशी कळली. नणंद-भावजयीचं चहाचं दुकान. दोघींचं बोलणं बंद. एकीचा निरोप दुसरीला गिऱ्हाइकानं पोचवायचा. आणि भावजयीला राग आला की ती कप बशीवर आपटते, मान भिंतीकडं फिरवते आणि नाकानं फुसकारते. अशी भावजय आमच्या भावकीतही होती. मागं न दिसणारी माणसं खदखदून हसतात, तसा मीही हसायचो. लोक अजून ते का बघतात हे मला कुणी समजवायला नको. घरातलं भांडण कधी शिळं होत नाही.

एकदा मनीषा सहज बोलून गेली, "बाबा, ही सिरीयल माझ्या जन्माआधीची. ते हसणारे लोक आता बहुतेक नसतीलच."

तेव्हापासून ते हसू ऐकलं की अंगावर काटा यायचा. मेलेली माणसं माझ्या घरात बसून हसतायत. तरी टीव्ही बंद करायची छाती झाली नाही. बंद केला की वासे बोलायला लागायचे. फिरायला जातानाही चालू ठेवायचो, परत आल्यावर घर मुकं नको म्हणून.

त्या दुपारी असाच फिरून येत होतो. फोन नेला नव्हता. गळ्यात घंटा बांधलेलं जनावर आहे का मी? इथल्या गल्ल्या एका साच्यातून काढलेल्या विटांसारख्या. तोच करडा रंग, तीच पायरी. एका घरातून सिरीयलचं ते हसू आलं. आलं म्हटलं आपलं घर. बाजूचं दार नुसतं लोटलेलं, तेही माझ्या सवयीचं. पायरीवर बूट काढले. वडील सांगायचे, घर आपलं असलं तरी दारात खाकरावं, मग पाय ठेवावा. खाकरलो आणि आत गेलो.

आत खुर्ची वेगळी होती. खुर्चीत एक गोरी म्हातारी होती. तिनं हातातलं काळं काहीतरी माझ्यावर रोखलं होतं.

संदीपनं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "बाबा, इथं परक्या दारात पाऊल टाकायचं नाही. लोक गोळी घालतात."  इंग्रजीत यस, नो, थँक्यू, तेवढंच येतं, त्यातलं एकही तोंडातून निघेना. कोरेगावपासून इतक्या लांब, सॉक्सवर, चोर म्हणून मरायचं. मी हात जोडले.

मग नीट बघितलं. हातात रिमोट होता. ती घाईघाईनं काही विचारत होती.  मागं टीव्हीवर ती माणसं हसली. मी टीव्हीकडं बोट केलं, हवेतला कप हवेतल्या बशीवर आपटला, मान भिंतीकडं फिरवली आणि नाकानं फुसकारलो. काय सुचलं म्हणून केलं, देव जाणे.

म्हातारी बघत राहिली. मग तिनं रिमोट मांडीवर ठेवला आणि तोंडावर हात धरला. हसत होती का रडत होती ते मला तेव्हा समजलं नाही.

तिनं दार उघडून धरलं, माझे बूट उचलून हातात दिले आणि माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आली. तिथं ऑफिसातून लवकर निघालेल्या मनीषाची गाडी समोरून आली. दोघी बराच वेळ बोलल्या. पुढं मनीषानं सांगितलं, बाई एकटीच राहते. ती सिरीयल तिची आई बघायची. आता ही दिवसभर चालू ठेवते, बघत नसली तरी, कारण घरात तिला भीती वाटते. पोलिसांना बोलवायचं बटण भीतीनं बोटाला सापडत नव्हतं, असंही ती बाई म्हणाली.

संध्याकाळी संदीप ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं ताट घेतलं नाही, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "बाबा, तुम्हाला परत जायचं असेल तर सांगा. मी तिकीट काढतो. पण तुम्हाला कुणी गोळी घातली, असा फोन मला यायला नको."

मला म्हणायचं होतं, मी कुणाला भीत नाही. तोंडून आलं, "तिथं गेलो तरी मला भ्या वाटतंय रं." पोरासमोर असलं काही मी जन्मात बोललो नव्हतो.  त्यानं माझं ताट पुढं ओढलं, वाढलं, आणि मग स्वतःचंही वाढून घेतलं.

भ्या गेलेलं नाही. अजूनही फिरून येताना दाराचा नंबर बोटानं चाचपतो, मग हँडल दाबतो. बुधवारी मनीषा घरून काम करते. मी आत शिरतो, पाय वाजतात, ती कानाला यंत्र लावून कुणाशी तरी इंग्रजीत बोलत असते आणि मान वरसुद्धा करत नाही. कुणी दचकत नाही. कोरेगावच्या बंद घरात आता माझे पाय वाजले, तर चोर शिरला म्हणून आधी शालनवहिनी दचकतील.