खुळखुळ मावशी

माझ्या मावशीला आसपासच्या गावांत तिच्या नावाने कोणीच ओळखत नाही. खुळखुळ मावशी कुठे राहते विचारा, शेंबडं पोरसुद्धा आरोग्य उपकेंद्राचं दार दाखवेल. लस न्यायच्या दिवशी ती फ्रीजरमधून बर्फाचे आइसपॅक काढते, टेबलावर मांडते आणि दर पाच मिनिटांनी एकेक उचलून कानाशी हलवते. आत पाण्याची खुळखुळ ऐकू आली, की मगच पॅक लसीच्या डब्यात. दगडासारखा कडक पॅक भरला तर शेजारची लस गोठते, आणि गोठलेली लस टोचणं म्हणजे पोराला फुकट रडवणं.

याउलट आमचे काका. मावशीचे यजमान. चहा उकळायच्या आत कप पुढे करणारा माणूस! तो डबा मोटारसायकलवरून वस्त्यांवर पोचवायचं काम नेमकं त्यांच्याकडे. देवाने जोड्या जुळवताना तिथेही काकाच घाई करत असणार.

त्या दिवशी डोंगरापलीकडच्या मेंढपाळांच्या वस्तीवर जायचं होतं. शेजारच्या वस्तीत डांग्या खोकला पसरला होता. इथली चौदा पोरं लसीविना होती, आणि दुपारी एक वाजता सगळे मेंढरं घेऊन वर कुरणांत जाणार होते ते थेट तीन महिन्यांसाठी. म्हणजे आज नाही, तर खोकल्याच्या तोंडी चौदा पोरं. नोंदवही सांभाळायला मी शाळेतून सुट्टी घेतली होती, आणि खरं सांगते, सहलीला निघाल्यासारखी खूश होते.

आम्ही निघणार इतक्यात एक बाई रक्ताळलेला हात धरून आली. मावशी मलमपट्टीत गुंतली. ती हात धुऊन येते तोवर डबा बांधून तयार.

"अहो, खुळखुळ ऐकलीत ना?"

"ऐकली, ऐकली! चला आता!"

तासाभराच्या खडकाळ वाटेने आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. तंबू उतरवून झाले होते, खेचरांवर सामान चढत होतं. आया पोरांना घेऊन झाडाखाली रांगेत बसल्या होत्या. मावशीने डबा उघडला, सवयीने पॅक कानाशी नेला आणि तिचा चेहराच उतरला. दुसरा हलवला. तिसरा, चौथा. चारही मुके.

"तुम्ही ऐकली होतीत ना?"

काका बुटाकडे बघायला लागले. "मला वाटलं, वाटेत वितळतील."

माझं डोकंच फिरलं. तिच्या जागी मी असते तर चारचौघांत काकांना धुऊन काढलं असतं. मावशीने नुसता डबा बंद केला आणि ती उभी राहिली. "ही लस गोठली असेल. मी टोचणार नाही. दुसरी येईपर्यंत थांबावं लागेल."

कुजबुज सुरू झाली. थोरले पुढे आले. वस्तीत त्यांचा शब्द शेवटचा.

"बाई, बरी दिसतेय की औषधाची बाटली. टोचून टाका."

"दादा, माझ्या पहिल्या वर्षी मीही असंच म्हटलं होतं. तुमच्या मुलीला टोचली होती, आठवतंय? पुढे खोकून खोकून ती निळी पडली होती."

ती मुलगी समोरच बसली होती, स्वतःचं दोन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन.

"हे तेव्हा नाही सांगितलंत," थोरले म्हणाले.

"तेव्हा मलाच माहीत नव्हतं. आज माहीत आहे, म्हणून सांगतेय."

थोरल्यांनी सूर्याकडे पाहिलं. "एकपर्यंत थांबतो. त्यापुढे नाही. अंधाराआधी पाणवठा गाठायचाय."

काकांनी मोटारसायकलला किक मारली तीच रागाने. मावशी ओरडली, "फ्रीजमधली नवीन लस! आणि खुळखुळ!" धुरळ्यात ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

मी हिशोब मांडला. जायला तास, यायला तास, पॅक खुळखुळायला पाऊण तास. म्हणजे सव्वा वाजून जाणार. एकच्या आत यायचं, तर पॅक तसेच भरायला हवेत. फोन तिथे लागत नाही. माझा जीव टांगणीला लागला. घाई केली तर लस वाया, न केली तर वस्ती गेली!

साडेबारा झाले. मी वाटेकडे डोळे लावून बसले होते. पावणेएक. गंमत म्हणजे जसजसा उशीर होत होता, तसतशी मावशी खुलत चालली होती. एक वाजला तेव्हा तर ती चक्क हसली.

थोरल्यांनी काठी उचलली. "चला."

"दादा, आमच्या ह्यांना कधी उशीर झालेला पाहिलाय तुम्ही?"

"छे! तो माणूस बोलावण्याआधी येतो."

"मग आज का आले नाहीत? थांबलेत म्हणून! बर्फाजवळ उभे राहिलेत हो!"

थोरल्यांची मुलगी उठली नाही. "बाबा, मेंढरं जाऊ द्या पुढे. मी बाळाला लस टोचून येते." मग दुसरी आई खाली बसली. मग तिसरी. थोरल्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि काठी परत झाडाला टेकवली. "आज इथेच राहू. निघू उद्या."

दीडला वळणावर मोटारसायकल दिसली आणि मी वेड्यासारखी ओरडत धावत सुटले. काका आपादमस्तक धुळीने माखलेले. डबा त्यांनी छातीशी बांधला होता. मावशीने झाकण काढलं, पॅक कानाशी नेला. खुळखुळ! दुसरा, तिसरा, चौथा, सगळे बोलले. तिने एक थोरल्यांच्या कानाशी धरला, तर तो दांडगा माणूस खुदकन हसला.

"पन्नास मिनिटं!" काका धापा टाकत होते. "पन्नास मिनिटं नुसता त्या बर्फाचं तोंड बघत उभा होतो!"

पहिली लस थोरल्यांच्या नातवाला. काय भोकाड पसरलं त्याने! चौदावं नाव मी नोंदवहीत लिहिलं आणि त्याखाली दोन जाड रेघा ओढल्या.

सगळं आवरल्यावर मावशी पॅक घेऊन काकांजवळ गेली आणि तो त्यांच्या कानाशी हलवला.

"ऐकलंत?"

काकांनी डोळे मिटून घेतले. या वेळी उत्तर द्यायची त्यांनी जराही घाई केली नाही.

"ऐकलं," ते म्हणाले.